पाण्याचा जोर जिरतो कुठे

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं, की इथे हळू बोलून चालणार नाही. जलशास्त्राच्या प्रयोगशाळेचा तो हॉल होता. नाशिक शहर संपून द्राक्षांचे मळे सुरू व्हायचे त्या बाजूला. वर पत्र्याचं छप्पर, आत पंपांची घरघर आणि तिच्यावर ताण करणारा पाण्याचा आवाज. धरण बांधायच्या आधी त्याचं लहान मॉडेल करायचं, त्यातून पाणी सोडायचं आणि काय होतं ते पाहायचं, हे तिथलं काम. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी त्या हॉलमध्ये बाई यायची ती फक्त झाडलोट करायला.

आम्ही नाशिकरोडला बौद्धांच्या वस्तीत राहायचो. वडील कारकून होते. नेमणुकीचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुला नेमकं करायचं काय?"

"पाणी मोजायचं," मी म्हटलं.

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना गावच्या विहिरीत पोहरा सोडू देत नव्हते. तू मोज. नीट मोज."

मी नीट मोजायला लागले. पण त्या हॉलमध्ये माझं खरं शिक्षण केलं ते मॉडेलं घडवणाऱ्या मिस्त्रींनी. वय पन्नाशीच्या आसपास, गाव हरसूलकडचं, पिढीजात सुतार. शाळा चौथीपर्यंत. सागवानातून सांडव्याची वळणदार पाठ ते अशी काढत, की तिच्यावरून हात फिरवला तर कुठे अडायचा नाही. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला 'ताई' म्हणत.

त्या वर्षी आमच्याकडे सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका धरणाचं काम आलं होतं. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून खाली पडणार, जवळजवळ तीस मीटर. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी तसंच सोडलं तर ते नदीचा तळ खणून काढतं आणि शेवटी धरणाच्याच पायाला हात घालतं. म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी एक कुंड बांधायचं. धावत आलेलं पाणी त्या कुंडात एकदम उसळून उभं राहतं, स्वतःवरच उलटं कोसळत राहतं, आणि तिथून पुढे शांत होऊन जातं. इंजिनिअर लोक त्या प्रकाराला 'जंप' म्हणत. मिस्त्री म्हणत 'उसळी'.

आमचं मॉडेल चाळीसपट लहान होतं. काचेच्या भिंतींच्या एका लांब कालव्यात ते बसवलेलं. खाली हौद, हौदातून पंप पाणी वर चढवी, ते सांडव्यावरून उतरे आणि फिरून हौदात येई. उतरताना पाणी काचेच्या पातळ तावासारखं दिसे, इतकं नितळ. पायथ्याशी पोचलं की मात्र ते पांढरं होऊन खवळायचं.

अडचण अशी होती, की उसळी कुंडात ठरत नव्हती. पाणी जरा वाढवलं की ती घसरत कुंडाच्या बाहेर जाई. ती अडवायला कुंडात ठोकळे बसवायचे होते. मिस्त्रींनी काड्यापेटीएवढे सागवानी ठोकळे घडवले. ते त्यांना 'दात' म्हणत. कधी उभे दात, कधी तिरके, कधी एक ओळ, कधी दोन. ते बसवत आणि मी मोजत असे. दोन महिने असेच गेले. मग एका सकाळी दोन ओळींच्या दातांवर उसळी येऊन अशी बसली, की पंप पूर्ण सोडला तरी हलेना. आमचे साहेब येऊन पाहून गेले. कडक माणूस. "ठीक," एवढंच म्हणाले, म्हणजे फार खूश होते.

ते गेल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ताई, एक इचारू? वरून येताना ह्या पाण्याला एवढा जोर. बोट घातलं तर बोट फेकून देतंय. अन् इथं हातभर पुढं आलं का गरीब गाय. मंग तो जोर गेला कुठं?"

"उसळीत नष्ट होतो," मी म्हटलं.

"नष्ट म्हंजी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. ऊर्जा नष्ट होत नाही, हे वाक्य मी परीक्षेत किती वेळा लिहिलं असेल! आणि इथे, समोर पाणी खळाळत असताना, मी एका भल्या माणसाला नेमकं उलटं सांगत होते.

"नष्ट होत नाही, मिस्त्री. चुकले मी. ऊर्जा कधी नष्ट होत नाही."

"मंग त्येच तर इचारतोय."

दुपारी धीर करून मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उष्णता होते. कुठल्याही पुस्तकात आहे."

"हो सर. पण कशी होते? एवढं मोठं पाणी एका दिशेने धावतंय. त्याची उष्णता होते म्हणजे मध्ये काय काय घडतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "उद्या दुपारी हॉलच्या खिडक्यांना काळी कापडं लावून घ्या. आणि बाजारातून ॲल्युमिनियमची पूड आणा. चांदीचा रंग करतात ती."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर घेऊन आले. त्याच्या तोंडाशी त्यांनी पुठ्ठा लावला, पुठ्ठ्याला उभी बारीक चीर पाडलेली. खिडक्या झाकल्यावर हॉलमध्ये काळोख झाला. उजेडाचा एक पातळ पडदा काचेतून आरपार पाण्यात उभा राहिला. पंप अगदी हळू ठेवला होता. साहेबांनी पूड पाण्यात कालवून वरून सोडली.

मी आठ महिने रोज ते पाणी पाहत होते. मी ते पाहिलंच नव्हतं, असं त्या क्षणी कळलं.

पांढरा गोंधळ म्हणून मी जे समजत होते, तिथे भोवरे होते. पहिला ताटाएवढा, उसळीच्या पोटात सावकाश, डौलात फिरणारा. बघता बघता तो ताणला गेला, कापसाच्या पेळूतून सूत ओढावं तसा. जितका बारीक झाला तितका गरगर फिरू लागला, आणि मग त्याच्या अंगातून वाटीएवढे भोवरे सुटले. वाटीतून रुपयाएवढे. रुपयातून थेंबाएवढे. मध्येच दोन धाकटे मिळून पुन्हा एक जरा मोठा व्हायचा, पण एकंदर ओघ मोठ्याकडून लहानाकडे. शेवटी चांदीच्या कणांचा नुसता थरकाप दिसे आणि डोळा हार खाई. तोवर वर नवीन ताट फिरायला लागलेलं असे. हे सगळं एका क्षणात, एकाच जागी, आणि कुठेही खंड नाही.

साहेबांचा आवाज अंधारात निराळाच वाटला. "मोठ्या भोवऱ्याला पाण्याचा चिकटपणा जवळजवळ जाणवत नाही. त्याला आपला जोर स्वतः जिरवता येत नाही. तो धाकट्याला देतो. धाकटा आणखी धाकट्याला. असं करत करत भोवरा इतका बारीक होतो, की त्याच्यातलं पाणी शेजारच्या पाण्यावर घासायला लागतं. तिथे जोर जिरतो आणि ऊब होते."

"किती बारीक, सर?"

"केसाएवढा. बहुधा केसाहूनही." जरा थांबून ते म्हणाले, "हे सगळं अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही. मलाही नाही."

मोठ्या हुद्द्याच्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मिस्त्री काचेला कपाळ टेकवून बसले होते. कापडं काढून उजेड झाला तरी ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाकाजवळ बोलावलं. सागाची फळी कापणं चालू होतं. करवत थांबवून म्हणाले, "पात्याला हात लावा."

मी लावला आणि झटकन काढून घेतला. पातं चांगलंच तापलं होतं.

"ओंडक्याची फळी, फळीची ढलपी, ढलपीचा भुसा," ते म्हणाले. "जेवढं बारीक करावं तेवढं घासणं जास्त. अन् घासणं आलं का ऊन होणं आलं. साहेब कालच्याला त्येच सांगत होते ना?"

"अगदी तेच. पण मग पाणी गरम व्हायला हवं," मी म्हटलं. "होतं कुठे?"

मिस्त्रींनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "होतंय की."

"काय?"

"सांजच्याला घरी जाताना मी ह्या हौदात हात धुतो. थंडीतबी पाणी कोमट लागतं. लय वर्सं झाली. मला वाटायचं मोटार तापते म्हणून आसंल."

मी तशीच हौदाशी गेले. सकाळची वेळ, पाणी बर्फासारखं गार. संध्याकाळी पुन्हा गेले. खरंच, गारठा मोडला होता. पण हाताचा भरवसा काय? हॉलही दिवसभरात तापतो. थर्मामीटर हवा होता, आणि तोही अंशाचा दहावा भाग दाखवणारा. माझ्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे तसा एक होता. त्यांनी तो कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फोडलास तर तोंड दाखवू नकोस."

साहेबांना विचारलं. "पंप नाहीतरी चालूच असतो," ते म्हणाले. "करा."

डिसेंबरातली सकाळ होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही हौदातलंच पाणी काढून एक पिंप भरलं आणि हौदाशेजारी ठेवलं. हॉलच्या उबेने पाणी तापत असेल तर पिंपातलंही तापेल. हौदावर फळ्या टाकल्या. पंप सुरू केला. दर अर्ध्या तासाला मी दोन्हींत थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा, मिस्त्रींनी तो पाटीवर खडूने लिहायचा.

पहिले दोन तास काहीच हललं नाही. एकदा तर हौदाचा आकडा खालीच आला. माझा चेहरा पडलेला पाहून मिस्त्री म्हणाले, "ताई, लाकूडबी लगीच तापत नाय. चालू द्या." बारा वाजता हौद पिंपापेक्षा अर्ध्या अंशाने वर होता. मी तीनदा पाहिलं. दोन वाजता फरक अंशभर झाला. आम्ही डबे हौदाच्या कडेलाच बसून खाल्ले. पाच वाजता हौद पिंपाच्या दोन अंशांहून थोडा जास्त वर होता. पिंपातलं पाणी जवळजवळ सकाळसारखंच होतं.

साहेब आले. पाटी वाचली आणि म्हणाले, "ही पंपाची उष्णता असेल."

"मोटार पाण्याबाहेर आहे, सर. तिची गरमी हवेत जाते. पाण्यात जातं ते फक्त पंपाचं घुसळणं."

ते खुर्ची ओढून बसले. पंप पाण्याला दिवसभरात किती ऊर्जा देतो, हौदात पाणी किती, त्यावरून पाणी किती तापायला हवं, हे त्यांनी कागदावर मांडलं. एकदा, दोनदा, तीनदा. उत्तर आमच्या आकड्याहून जरासं जास्त आलं, तेवढी ऊब हौदाच्या भिंतींनी खाल्ली असणार. "पंपाच्या पोटातही भोवरेच," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "सांडव्यावरही भोवरेच. जुळतंय."

मग त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शर्टाची बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत हौदात घातला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. "इतकी वर्षं मी रिपोर्टात लिहितोय, ऊर्जेचं शमन झालं, ऊर्जेचं शमन झालं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा ती हाताला लागली."

मिस्त्री हसले. "आता घरी सांगतो, म्हणावं, मी सरकारी ऊन पाण्यानं हात धुतो."

त्या संध्याकाळी बसने घरी जाताना मला सगळीकडे भोवरेच दिसत होते. बसमागच्या धुळीत, चुलींच्या धुरात. गोदावरीच्या पुलावर बस थांबली तेव्हा मी खिडकीतून खाली पाहिलं. पुलाच्या प्रत्येक खांबामागे पाणी वळत होतं, तुटत होतं, बारीक होत होतं. घाटावर बायका धुणं आपटत होत्या. नदीला कोणी पाहत नव्हतं. तिच्या पोटात केसाहून बारीक जागी केव्हापासून ऊब तयार होत आली आहे, आणि आपण तिच्या काठावर जन्म काढतो, या विचारात बस सुटल्यावरही मी मागे वळून पाहत राहिले. घरी वडिलांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "हिला आधी चहा दे."

रिपोर्टात मी त्या दिवसावर एक परिच्छेद लिहिला. पाणी कोमट होतं हे पहिल्यांदा मिस्त्रींच्या लक्षात आलं, हेही लिहिलं. तो परिच्छेद वरच्या कचेरीतून खोडून आला. प्रकल्पाशी संबंध नाही, असा शेरा. मला फार लागलं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "दात ठेवले ना त्यांनी?"

"दात ठेवले."

"मंग झालं की."

धरण पुरं व्हायला बरीच वर्षं लागली. ऐंशीचं दशक उजाडलं. साहेबांची बदली झाली होती, मिस्त्री निवृत्त होऊन हरसूलकडे शेती बघत होते, मी संशोधन सहायक झाले होते. ऑगस्टमध्ये निरोप आला, की धरण पहिल्यांदाच भरून वाहतंय, येऊन पाहणी करा. मी मिस्त्रींना पत्र टाकलं. ते धुतलेलं धोतर आणि टोपी घालून नाशिकच्या स्टँडवर येऊन थांबले होते. जीपने निघालो. वणी मागे पडली, घाट लागला, डोंगरांवर धुकं, खाचरांत भात आणि उतारांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं.

धरण दिसायच्या आधी ऐकू आलं. मग ते पायांना कळायला लागलं. कुंडाच्या बाजूच्या भिंतीवर आम्ही उभे राहिलो तेव्हा तळपाय थरथरत होते. पाणी सांडव्याच्या पाठीवरून उतरत होतं, आणि खाली पांढरा डोंगर उभा राहत होता, कोसळत होता, पुन्हा उभा राहत होता. तुषारांनी आम्ही क्षणात भिजलो. मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली.

"माझे दात?" ते माझ्या कानाशी ओरडले.

"आत आहेत! पुरुषभर उंच केलेत!"

ते पाहत राहिले. उसळी कुंडात बसली होती, आमच्या काचेतल्यासारखीच, तसूभर पुढे नाही की मागे नाही. इथला पहिला भोवरा घराएवढा होता. मी मधल्या वर्षांत याचं गणित शिकले होते आणि मला ते त्यांना सांगायचंच होतं. एकेक वाक्य ओरडून मी सांगितलं, की मॉडेल चाळीसपट लहान, त्यातला मोठा भोवराही तेवढ्याच पटीने लहान. पण शेवटचा, जिथे जोर जिरतो तो, दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. इथला उलट जरा अधिकच बारीक.

"ह्या राक्षसाचा शेवट आपल्या त्या लेकरापेक्षा बारीक?"

"हो! इथे मधल्या पायऱ्या जास्त!"

"अन् ऊन किती होतंय?"

"अंशाचा दहावा भागही नाही!"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग पुन्हा पाण्याकडे. एवढी गर्जना, एवढा हादरा, आणि त्याचं शेवटी इतकं थोडं होतं, की हाताला कळणारही नाही. गणित मीच मांडलेलं होतं. तरी तिथे उभं असताना माझाही त्यावर विश्वास बसेना. आम्ही किती वेळ उभे होतो ते मला सांगता येणार नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, की तुषारच होते, तेही नाही.

परतताना खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका खाचराशी जीप थांबवली. नदी तिथे भरून पण शांत चालली होती. बांधावर एक बाई डोक्यावर पानांचं इरलं घेऊन गवत उपटत होती. तिने विचारलं, "काय बघाया आले?"

"पाणी," मी म्हटलं.

"पाण्यात काय बघायचं?"

तेव्हा मी आणि मिस्त्री दोघे मिळून तिला सांगायला लागलो. ताट, वाटी, रुपया, थेंब, करवत, भुसा. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने एकच विचारलं, "म्हंजी हा बांध वाहून नाय जायचा?"

"नाही जायचा."

"वरचं गाव गेलं धरणात. माझं माहेर होतं तिथं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "खालचं तरी राहू दे."

मिस्त्रींनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "राहील, बाई. त्या कुंडातून पाणी कसं भाईर येतं ते मी शंभरदा बघितलंय."

ती मान हलवून पुन्हा गवताला लागली, आणि आम्ही चिखल तुडवत जीपकडे निघालो.